रस्त्याकडेचे रंगराव

परवा माझ्या भाच्याचा मुलगा नवी मोटारसायकल दाखवायला आला होता. पेढे दिले, पाया पडला, आणि चहा पिता पिता म्हणाला, "आजी, आम्हा बाईकवाल्यांचं एक असतं बघ. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की दुसरा थांबतोच. ओळख असो नसो. आमचं नातंच वेगळं."

मी म्हटलं, "डोंबल तुझं नातं!"

पोरगं चमकलंच. त्याचा काही दोष नाही, पण हे वाक्य मी फार ऐकलंय. पन्नास सालानंतरच्या वर्षांत, पिंपरी-चिंचवडला शेतांच्या मधूनमधून कारखान्यांची धुराडी दिसायला लागली होती, तेव्हाही नव्या नव्या फटफट्या घेतलेले साहेब लोक हेच सांगत फिरायचे. खोटं नव्हतं ते. मुंबई रस्त्यावर बंद पडलेल्या फटफटीवाल्याला मदत मिळायची. फक्त ती सगळीच्या सगळी मदत म्हणजे एकटे रंगराव होते, आणि नाव व्हायचं साऱ्या जमातीचं. या गोष्टीची माझ्या डोक्यात गेलेली तिडीक अजून उतरलेली नाही.

मी तेव्हा चिंचवडच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. आसपासच्या गावांतली बाळंतपणं माझ्याकडे. रावेत, चिखली, तळवडे, मोशी, कुठेही जायचं तर बैलगाडी नाहीतर पाय. मग डॉक्टरांनी रंगरावांना गाठलं. रंगराव चिंचवडचेच, जुन्या शेतकरी घरातले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचे निरोप पोचवायला मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, फटफटी चालवून आलेले. लढाई संपल्यावर देहूरोडला लष्कराचा जुना माल विकायला निघाला, त्यातून त्यांनी एक खाकी फटफटी घेतली. तिला शेजारी एक चाक आणि बसायला पाळण्यासारखी जागा. साहेब लोक त्याला साइडकार म्हणत, गाव त्याला डबा म्हणे. त्या डब्यात मी, माझ्या मांडीवर बाळंतपणाची पिशवी, आणि शेजारी भर वैशाखात लष्करी कोट घातलेले रंगराव. आम्ही निघालो की चावडीपाशी बसलेली म्हातारी मंडळी ओरडायची, "निघाली बाईंची वरात!"

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रंगराव मात्र गॉगल कपाळावर सरकवून म्हणायचे, "व्हय, निघाली. तुमच्या सुना बाळंत हुतील तवा मागून पळत येशीला, तवा बघू."

तोंड असं! त्या माणसाला गोड बोलणं ठाऊकच नव्हतं. आणि मदत करताना तर त्यांच्या तोंडाला धरबंधच राहायचा नाही. रस्त्याकडेला कुणी फटफटीवाला उभा दिसला की रंगराव थांबणार म्हणजे थांबणार. गाडी कडेला घेणार, डब्याच्या बुडाशी ठेवलेली पत्र्याची हत्यारपेटी काढणार, आणि त्या माणसानं तोंड उघडायच्या आत सुरू.

"ह्ये काय? पेट्रोल संपलं? घरनं निघताना टाकीत बघाया डोळं न्हवतं व्हय? गाडी काय हवंवर चालती? लगीन झालंय का तुमचं? झालंय? मग बायकूला तरी इचारून निघायचं, तिनं बघितलं असतं."

एकीकडे तोंडाचा पट्टा, दुसरीकडे हात कामात. नळी घालून स्वतःच्या टाकीतलं पेट्रोल त्याच्या टाकीत सोडायचे, पंक्चर काढायचे, तुटलेली तार जोडायचे. काम झालं की पेटी बंद. चहा नको, विडी नको, आभार तर मुळीच नकोत. "जा आता, आन परत असं उभं ऱ्हाऊ नका," एवढा आशीर्वाद.

जोगळेकर नावाचे एक ओव्हरसियर होते. कारखान्याच्या इमारतीवर देखरेखीला. गोरेपान, डोक्यावर साहेबी सोला हॅट, नवी कोरी फटफटी, आणि तिच्याबद्दलचं ज्ञान एवढंच की ती काळी आहे. ते एकदा आकुर्डीजवळ उभे होते, हॅटनं वारा घेत. रंगरावांनी गाडी तपासली. प्लग तेलानं माखलेला. तो पुसताना त्यांनी जोगळेकरांना असं काही झापलं की मला डब्यात तोंड लपवावंसं वाटलं. "सायेब, रोज आंघोळ करता ना? मग हिला कवातरी करा की! इमारत बांधता म्हनं तुमी. देवा, कोन ऱ्हानार हाय तिच्यात!"

जोगळेकर रागावले नाहीत. हसत हसत गेले आणि चार ठिकाणी सांगत सुटले, "आज रंगरावांनी माझी काय हजेरी घेतली म्हणून सांगू!" पुढे पुढे हा प्रकारच होऊन बसला. रंगरावांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत तो फटफटीवालाच नव्हे. साहेब लोक आपापसांत नक्कल करायचे, त्यांच्यासारखं व्हय-न्हाई करून. मला याचा संताप यायचा. माणूस तुमच्यासाठी गुडघ्यावर बसून हात काळे करतो, आणि तुमच्या लेखी तो गंमत!

पण माझं त्यांच्याशीही भांडण होतंच. एकदा आम्ही रावेतला बाळंतपणाला निघालो होतो. वाटेत एक पोस्टाचा माणूस चाक काढून बसलेला. रंगराव थांबले. मी म्हटलं, "अहो, तिकडे बाई अडली असेल! ती काय तुमच्या पंक्चरसाठी थांबणार आहे?"

"बाई, तिच्यापाशी चार बाया हायती. ह्याच्यापाशी कोन हाय?"

"ह्याला काय कळा सुटल्यात?"

"न्हाई. पर तोंड बघा की त्याचं."

आम्ही पोचलो तर मुलगा झालेला, सुखरूप. रंगराव मलाच म्हणतात, "बघा, तुमच्याबिगर झालं का न्हाई?" मी त्यांच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला. शेवटी डॉक्टरांनी तडजोड केली की रस्त्यात थांबायचं असेल तर रंगरावांनी आधी मला विचारायचं. ते विचारायचे. "थांबू का, बाई?" असं म्हणायचे तेव्हा गाडी थांबलेली असायची.

एकदा मी चिडून विचारलं, हे कशापायी? कुणी सांगितलंय तुम्हाला? ते म्हणाले, "मिसरात वाळूत गाडी बंद पडली की मानूस मरायचा. तिथं आमास्नी एकच शिकिवलं. रस्त्यात उभा दिसला तर दुश्मनाचा असला तरी आधी इचारायचं, काय झालं. मग काय ती गोळी घालायची."

"आणि इथे वाळवंट आहे का?"

"फटफटीवाला फटफटीवाल्याला टाकून जात न्हाई, बाई. कुटंबी." हे ते अगदी खात्रीनं म्हणाले.

तळवड्याला सुभद्रा म्हणून एक पोरगी होती. पोरगीच म्हणायची, वीस-बावीसची. तिची पहिली दोन्ही मुलं जन्मताच गेली होती. दोन्ही पायाळू, पायांकडून येणारी, आणि दोन्ही खेपेला गावच्या सुइणीनं घाई करून ओढलेली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासू म्हणायला लागली की हिच्या पोटालाच लागलंय काही. तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न करायची बोलणी घरात तिच्यादेखत चालायची. आम्ही तपासायला गेलो की ती रंगरावांना गुळाचा चहा करून द्यायची, मामा म्हणायची, आणि ओट्याशी बसून त्यांच्या शिव्यांवर खुदकन हसायची. त्या घरात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

आठव्या महिन्यात मी तपासलं तर मूल पुन्हा पायाळू. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून मी हात जोडले. सासू ऐकेना. मग मी सांगितलं, पहिली कळ आली की सांगावा धाडा, आणि मी येईपर्यंत सुइणीनं हात लावायचा नाही. मी वेळेवर पोचले असते तर ते मूल वाचवता आलं असतं. तशी मुलं मी आधी काढली होती, हातानं, न ओढता.

सुभद्रा घाबरून म्हणाली, "बाई, तुमी येशीला ना?"

उत्तर रंगरावांनी दिलं. "पोरी, सांगावा येऊ दे फकस्त. बाईंना मी आनतो. ही गाडी वाळवंटात थांबली न्हाई, तुझ्या तळवड्याच्या वाटंत काय थांबती!"

सांगावा आला तो रविवार होता. तळवड्याचा एक माणूस पुण्याला जाता जाता दवाखान्यात निरोप टाकून गेला, की पहाटेपासून पोट दुखतंय. आम्ही त्याच पावली निघालो. आकुर्डीच्या पुढे आलो, निगडीचा फाटा अजून लांब, आणि गाडीखाली खाडकन आवाज झाला. चेन तुटली. तुटलेला दुवा कुठे शेतात उडाला देव जाणे. रंगरावांनी पेटी उघडली. जादा दुवा नेहमी असायचा, पण तो त्यांनी आदल्या आठवड्यात कुणाला तरी बसवून दिला होता. कुणाला ते त्यांनाही आठवेना.

मी पिशवी उचलली. "मी चालत निघते."

"चालत कवा पोचशीला? ऊन बघा. बाई, रविवार हाय, समदी लोनावळ्याला निगाली असतील. आत्ता येतंय कुनीतरी. तुमास्नी मागं बसवून नेतंय. हां हां म्हनता पोचशीला."

त्यांचं बरोबर होतं. दुरून फटफटीचा आवाज आलाच. एक नाही, दोन. रंगराव रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन्ही हात हलवायला लागले. "थांबा! आरं थांबा!"

ते दोघं जवळ आले, त्यातल्या एकानं हात उंचावून "रामराम रंगराव!" केलं, आणि दोघंही भर्रकन पुढे गेले.

मला काही कळेचना. मग आणखी एक आला. त्याच्या मागे त्याची बायको, डोक्याला रुमाल बांधलेली. रंगराव ओरडले, "आरं मर्दा, हिकडं बघ! डोळं फुटलं का तुजं?" तर ती दोघं हसत सुटली. तो जाता जाता ओरडला, "आज कुणाची पाळी आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. या रस्त्यावर रंगराव उभे दिसले की ते कुणाचं तरी काम करत असणार! ते हातवारे करून ओरडतायत म्हणजे कुणाला तरी झापत असणार! रंगरावांची स्वतःची गाडी बंद पडेल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. ते जितके जोरानं ओरडत, तितके लोक जास्त खूश होत. मी माझी पिशवी हलवली, निशाणासारखा पदर हलवला. मलाही हात हलवून दाखवले मेल्यांनी. जणू काही आम्ही पालखीला निरोप द्यायला उभे होतो!

मग जोगळेकर आले. सोला हॅट लांबून ओळखू आली. मी म्हटलं, चला, सुटलो. त्यांनी वेगही कमी केला. रंगराव त्यांच्या दिशेनं पळत सुटले, "सायेब, बाईंना—" जोगळेकरांनी हॅट काढली, आदबीनं मान लववली, "चालू द्या, चालू द्या!" म्हणाले आणि गेले. बंद पडलेली गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. शेजारी दुसरी कुठलीही गाडी नव्हती. मग काय मी एकटी तिथे हवा भरायला उभी होते? एवढं तरी बघावं की नाही माणसानं!

रंगराव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले होते. ओरडायचे थांबले होते.  मी पिशवी घेतली आणि चालायला लागले.

थोडं पुढे गेले तोच समोरून एक दूधवाला सायकलवर आला. हँडलला आणि कॅरिअरला दुधाच्या किटल्या. नवा माणूस होता, परभणीकडून चार दिवसांपूर्वी पोटापाण्यासाठी आलेला. त्यानं मला पाहिलं, मागे उभ्या रंगरावांना पाहिलं, आणि सायकलवरून उतरून विचारलं, "काय झालं हो बाई? गाडी मोडली काय?"

त्यानं विचारलं, कारण तो रंगरावांना ओळखत नव्हता. बस, एवढंच कारण.

मी सांगितलं. त्यानं भरल्या किटल्या उतरवून रंगरावांच्या डब्यात ठेवल्या, मला कॅरिअरवर बसवलं आणि आल्या वाटेनं सायकल वळवली. दूध पिंपरीच्या हॉटेलात वेळेवर गेलं नाही तर गिऱ्हाईक जाईल, हे त्याला ठाऊक होतं. कच्च्या वाटेवर माझ्या वजनानं त्याला धाप लागली होती, तरी तो उतरला नाही.

मी पोचले तेव्हा सुइणीनं ओढलं होतं. अंग बाहेर, डोकं आत अडकलेलं. मी सोडवलं. मुलगी होती, गोरी, भरल्या अंगाची. हलवली, चोळली, तोंडानं श्वास भरला. काही उपयोग झाला नाही. अजून ऊबसुद्धा होती तिच्या अंगात. सुभद्रेला मी कसंबसं वाचवलं.

दुपारी रंगराव आले. फटफटी ढकलत, डब्यासकट, दुधाच्या किटल्यांसकट, आकुर्डीपासून तळवड्यापर्यंत. कोटातून घाम गळत होता, मला परत न्यायला थांबलेल्या दूधवाल्याचं दूध नासलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात पुरुष माणसं लहानसा खड्डा खणत होती. ते पाहून रंगराव जागच्या जागी उभे राहिले. दाराशी येऊन आत न बघता म्हणाले, "सुभद्रे..."

आतून ती म्हणाली, "मामा, तुमी सांगितलं हुतं." रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या आठवड्यात जोगळेकर बोट कापलं म्हणून दवाखान्यात आले. मी पट्टी बांधली आणि मग मनात साठलेलं सगळं त्यांच्यावर ओतलं. ते पांढरेफटक पडले. "अहो, पण मला वाटलं की रंगराव दुसऱ्या कुणाचं..."

"तुम्हाला वाटलं. विचारलं का?"

"तसं नाही हो बाई. आम्ही मोटारसायकलवाले एकमेकांसाठी थांबतोच. तुम्ही कुणालाही विचारा."

"दुसऱ्याला कशाला विचारू? तुम्हीच सांगा. तुम्ही कुणासाठी थांबलात? एक नाव सांगा."

ते आठवत बसले. खरोखर आठवत बसले हो! माणूस वाईट नव्हता, हीच तर चीड. शेवटी म्हणाले, "आता... रंगराव थांबतात ना."

मी त्यांना दार दाखवलं.

आणि रंगराव? मला वाटलं होतं, आता हे कुणासाठी थांबायचे नाहीत. थांबू नयेच असं मला वाटत होतं. चार दिवसांत पुन्हा पेटी काढून बसले. मी म्हटलं, "लाज नाही वाटत? हेच ते सगळे. ह्यांच्यापायी ती पोर गेली!" ते प्लग पुसत राहिले. मग म्हणाले, "व्हय. मग आता मी काय करू, बाई? त्यांनी केलं त्येच?"   तळवड्याला मात्र ते पुन्हा गेले नाहीत. सुभद्रेचा नवरा दुसरं लग्न करून मोकळा झाला होता आणि तिला माहेरी घालवली होती, हे मीच त्यांना सांगितलं. ते ऐकून त्यांनी तोंड फिरवलं होतं.

वर्षभरानं माझी खेडला बदली झाली. जायच्या दिवशी रंगराव मला ट्रंकेसकट डब्यात घालून भोसरीच्या थांब्यावर सोडणार होते. पहाटे चाकणला काम होतं, ते उरकून येतो म्हणाले होते. आलेच नाहीत. मी वाट पाहिली, बोटं मोडली, टांगा केला आणि एसटी पकडली.

मोशीच्या पुढे खिडकीतून दिसलं. खाकी फटफटी, डबा, आणि शेजारी जमिनीवर बसलेले रंगराव.

मी ओरडले, "थांबवा!" कंडक्टर म्हणाला, "अहो बाई, ते रंगराव हायेत. कुणाचं तरी रिपेरिंग चाललं आसंल." मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. मी उठून घंटेची दोरी ओढली, आणि गाडी थांबेपर्यंत ओढतच राहिले.

खाली उतरले. रंगराव मलाच खवळले. "एस्टी थांबिवली? समदी गाडी खोळंबली की! अक्कल हाय का तुमास्नी?"

"काय झालंय ते सांगा."

"टायर फाटलाय." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "सकाळपासनं रामराम घालत्यात समदी."

मी माझी ट्रंक खाली उतरवून घेतली आणि एसटी जाऊ दिली. कंडक्टर डोक्याला हात लावून गेला. ऊन तापलं होतं.  आणि मग मोशीच्या बाजूनं फटफटीचा आवाज आला. रंगराव उठलेसुद्धा नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे ते तळवड्याचं अंगण आलं, तो लहानसा खड्डा आला, आणि मी सरळ जाऊन रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिले.

फटफटीवाल्यानं हात वर करून हसायला सुरुवात केली होती. मी हलत नाही म्हटल्यावर करकचून ब्रेक दाबला. गाडीचं चाक माझ्या लुगड्याला लागलं. कुठल्याशा कारखान्यातला तरुण माणूस होता. "बाई, मरायचंय का तुम्हाला?"

"आधी त्यांना विचारा, काय झालं."

"कुणाला? रंगरावांना? अहो, ते तर..."

"विचारा!"

तो गाडीवरून उतरला. रंगरावांपाशी गेला आणि चाचरत म्हणाला, "काय झालं, रंगराव?"

रंगरावांनी तोंड उघडलं. बोलता येईना. एवढा तोंडाळ माणूस, पण ओठ नुसते हलले आणि डोळे भरून आले. त्यांनी गॉगल कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि हातानंच चाकाकडे दाखवलं.

त्या तरुणानं टायर काढायला मदत केली. तो टायर खांद्यात अडकवून रंगराव त्याच्यामागे बसले आणि दोघं चाकणकडे गेले. मी राखण करत फटफटीपाशी थांबले. पुढच्या एसटीनं मला जावं लागलं, तोवर ते परतले नव्हते. दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसलेले, त्याच्या खांद्याला धरलेले रंगराव, हेच माझं त्यांचं शेवटचं दर्शन. आणि एका माणसानं त्यांना एवढंसं विचारावं, यासाठी मला रस्त्यात आडवं उभं राहावं लागलं होतं.